ताईच्या घरासमोरचा ब्रेक

किसनराव आपली जुनी कॉन्टेसा घेऊन धारणीला निघाले की वाटेत परतवाड्यात ताईचं घर लागे. थांबलं तर ताईच्या गुडघ्यांपासून सुनेपर्यंत सगळं ऐकून घ्यावं लागे. म्हणून ते काच खाली करून ओरडत, "ताई, ब्रेक लागून नाही राहिला वं! पुढच्या खेपेले थांबतो!" आणि गाडी सुसाट काढत.

परवा ताईनं एक जड खोकं पाठवलं. गाडीचा फोटो दाखवत दाखवत, लंगडत, अकोल्यातली पार्टची सगळी दुकानं पालथी घालून तिनं पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या दोन नव्या डिस्क शोधून काढल्या होत्या. फोनवर म्हणाली, "किसना, बसवून घे रे बापा. तू घाट उतरतं तं माह्या जीवात जीव नाही राहत."

अमरावतीत अजहर मिस्त्रीनं चाकं खोलली. नवी डिस्क लावून पाहिली, तर भोकंसुद्धा बरोबर जुळली. मग जुनीवरून बोट फिरवून तो हसला.

"चाचा, ही तं एकदम टनाटन आहे. ब्रेकले काहीच नाही झालं. कायले बदलवता?"

किसनरावांची मान वर होईना.

"बदलव बापा. जुना ब्रेक ताईच्या घरासमोर लागत नाही."