अर्धं घरटं

पुण्याच्या संपादकबाईंचा फोन संपला आणि रूपालीनं कपाळाला हात लावला. चित्रं पुन्हा नापसंत. चूक कुठेच नाही, बाई म्हणाल्या, घरटी तर काय सुबक काढली आहेत. पण लहान मुलं पानावर थांबत नाहीत हो, चटकन उलटून पुढं जातात. आठवडाभरात जमलं नाही तर दुसऱ्या चित्रकाराला सांगावं लागेल.

पुस्तक नुसतं हातचं गेलं असतं तर रूपालीनं गिळून टाकलं असतं. पंचाईत अशी होती की तिच्या आईनं, अंजनीबाईनं, ते आधीच गावभर केलं होतं. बेळगावच्या वडगावातल्या त्यांच्या गल्लीत, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत, जिथं कुणी ऐकायला उभं राहील तिथं ती सांगत सुटली होती. आमच्या रूपीचं पुस्तक येणार, वर नाव पण तिचंच असणार. घराण्याच्या पिढ्या साड्या विणण्यात गेल्या, पण विणणाऱ्याचं नाव कधी साडीवर आलं नाही. त्यामुळं या नावाचं तिला कोण कौतुक! आता त्याच गल्लीतून मान खाली घालून जायची पाळी आईवर येणार, या विचारानं रूपालीला जेवण जाईना.

पुस्तकातली गोष्ट तशी साधी होती. सुगरण पक्षी घर बांधतो, बस्स. शब्द मोजके, सगळी मदार चित्रांवर. रूपालीनं ती काढली होती भिंतीवर टांगलेल्या एका वाळक्या घरट्यावरून.

दुसऱ्या दिवशी तिनं बेळगुंदीची बस धरली. तिथं भावकूमामाच्या शेतात, विहिरीवर वाकलेल्या शिंदीच्या झाडाला दर पावसाळ्यात सुगरणीची घरटी लागायची. मामा रताळ्याचे वेल लावत होता. भाची काठावर बसून नुसती वर बघतेय म्हटल्यावर त्यानं चिडवलंच. बेळगावात आभाळ मिळत नाही काय, म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.

झाडावर नुसता गोंधळ. पिवळ्या डोक्याचे नर चोचीत हिरवे धागे घेऊन येत होते, जात होते. आणि घरटी? बहुतेक सगळी अर्धी. उलट्या टोपीएवढी विणून झालेली, खाली धागे लोंबताहेत. एक पठ्ठ्या आपल्या अर्ध्या घरट्याला लटकून पंख फडफडवत ओरडत होता, या, बघा म्हणून. एक मादी आली. आत शिरली, धागा ओढून बघितला, नाक मुरडल्यागत उडून गेली. ह्याला त्याचं काही नाही. चार धागे आणखी विणले आणि दुसरी दिसताच पुन्हा तोच थाट.

रूपालीला हसू फुटलं. मग ती हसता हसता थांबली. हा अर्धंच दाखवतोय की! आणि केवढ्या तोऱ्यात.

तिच्या घरात असं कधी घडलं नव्हतं. दारात परकं माणूस आलं की तिचे वडील, आप्पा, हातमाग थांबवायचे आणि आई अर्ध्या साडीवर जुनं धोतर टाकायची. लुगडं दाखवायचं ते पुरं करून, घडी घालून. अर्ध्याला नजर लागते, ही घरची शिकवण. रूपालीही तेच करत आली होती. शाळेत चित्र काढताना तिचा डावा हात कायम कागदावर आडवा असायचा. या पुस्तकातही पहिल्या पानापासून सगळी घरटी पुरी होती, एक धागा बाहेर नाही. गोष्ट बांधण्याची, आणि बांधणं एकाही पानावर नव्हतं. स्वतःचाच तिला राग आला.

मग तिनं वही काढली आणि संध्याकाळपर्यंत हात थांबवला नाही. घरी येऊन सगळं पुस्तक नव्यानं काढलं. लोंबते धागे, फसलेली गाठ, नाक मुरडणारी मादी, खाली पडलेलं घरटं आणि पुन्हा भिडलेला नर. शेवटच्या पानावर अर्धं घरटं काढलं आणि खाली कागद कोराच सोडला. संपादकबाई शेवटच्या पानाशी आल्या आणि म्हणाल्या, हे पान असंच छापायचं. आईला मात्र रूपालीनं ते पान दाखवलं नाही. धीरच झाला नाही.

दिवाळीनंतर पुस्तकं आली. आईनं खोकं फोडलं, वरचं पुस्तक उचललं आणि थेट गल्लीतला कट्टा गाठला. रूपाली मागोमाग धावली. बायका गोळा झाल्या. नावावरून बोट फिरवून झालं, पानं उलटली, पोरं मध्ये मध्ये डोकी घालून खिदळू लागली. शेजारच्या जयाक्कानं शेवटचं पान उघडलं आणि तिथंच बोट टेकवलं.

"हे अर्धंच राहिलंय की गं, अंजनी."

बायका पुढं वाकल्या. आईचा हात पदराकडं गेला. आता ती पान झाकणार, असंच रूपालीला वाटलं.

आईनं पदरानं चष्मा पुसला. पान नीट न्याहाळलं, त्या कोऱ्या जागेवरून तळवा फिरवला. मग मागच्या बायकांनाही दिसावं म्हणून पुस्तक दोन्ही हातांनी उंच धरलं.

"राहिलं न्हाय, जयाक्का. माझ्या लेकीनं पोरांसाठनं ठेवलंय. तुमच्या नातवाला हाक मारा, पेन्सिल घेऊन ये म्हणावं."