साखरेला कुलूप

‘हो’ म्हटलं तर धाकटीचा फायदाच फायदा होता. नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर नवऱ्याच्या नावाखाली, कदाचित वरही, तिचं नाव आलं असतं. पुस्तकांची नवी आवृत्ती निघाली असती, मागे तिचा फोटो, तोही तरुणपणचा. विद्यापीठात भाषण, आणि न्यायला-आणायला गाडी. नाटककार नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणजे भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. फायदा तसा समोर बसलेल्या प्राध्यापिकेचाही होता. पण तो ती बोलून दाखवत नव्हती, तेव्हा आपणही सोडून देऊ.

रेकॉर्डर टेबलावर चालू होता. बाजूला थोरली जाऊ मटार सोलत बसली होती. घर थोरलीचं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही गेलेले. धाकटीला आता जेमतेम उजेड-अंधार कळायचा, आणि तिच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ थोरलीशिवाय कुणाच्या लक्षात राहत नसे. त्यामुळे मुलाखत असो नाहीतर आणखी काही, थोरली उठून जाणार नव्हती.

“सर कधी स्वयंपाकघरात यायचे?” प्राध्यापिकेने विचारलं.

“पाणी प्यायलासुद्धा नाही. बसल्या जागेवरून हाक मारायचे,” धाकटी म्हणाली.

“मग पुरुष बाहेर गेले की बायका ओट्यापाशी काय बोलतात, हे त्यांच्या नाटकांत इतकं नेमकं कसं?”

“दाराला कान लावत असेल,” थोरली म्हणाली. “त्या माणसाचं काही सांगता येत नाही.”

प्राध्यापिका तयारीने आली होती. शेवटचं नाटक धाकटीचे डोळे गेले त्या वर्षीचं. त्यानंतर नाटककार चांगला धडधाकट जगला, रोज फिरायला गेला, सत्कार घेतले. लिहिला मात्र एक प्रवेशही नाही.

“दृष्टी तुमची गेली आणि लेखणी त्यांची थांबली. बाई, हा योगायोग समजू मी?”

धाकटीने थोरलीच्या दिशेला मान वळवली. कारणही तसंच होतं. नाटककाराचं नाव झालं ते पहिल्या नाटकातल्या काकूमुळे. ही काकू साखरेच्या डब्याला कुलूप लावून किल्ली गळ्यात घालून हिंडायची. पाहुणा आला की आधी त्याच्या चपला बघायची, मग चहात साखर किती घालायची ते ठरवायची. प्रेक्षक हसून हसून बेजार. त्या काळी थोरलीच्या गळ्यात किल्ली असायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पोरं भर रस्त्यात तिला काकूचे संवाद म्हणून दाखवायची. तिने किल्ली काढून टाकली, तरी दुकानदार तिची साखर तोलताना गालातल्या गालात हसायचा ते हसायचाच.

“सांगून टाक की,” थोरली म्हणाली. “एवढ्या लांबून आल्यात त्या. तू लिहिलंस का ते?”

आवाजात काही नव्हतं. हात मात्र शेंगेवर थांबला होता.

“मला कुठलं सुचायला, वहिनी,” धाकटी म्हणाली. “सगळं ह्यांचंच.”

“मी म्हणतच होते.” थोरली प्राध्यापिकेकडे वळली. “हिच्या अंगात तेवढा दुष्टपणाच नाही हो. त्याच्यात होता. मान वर कर गं, औषध घालते.”

प्राध्यापिकेने रेकॉर्डर बंद केला. नवऱ्याने जन्मभर बायकोचं श्रेय लाटलं आणि मेल्यावरही तिचं तोंड दाबून ठेवलं, असा तिने निष्कर्ष काढला आणि पुढे छापलाही.

खरं तर पहिल्या नाटकाच्या जाहिरातीत धाकटीचंच नाव जायचं होतं. तसा आग्रह नवऱ्याचाच होता. पण रंगीत तालमीला थोरलीचा नवरा येऊन बसला, दुसऱ्या अंकात उठला आणि तडक या दोघांच्या दारात येऊन उभा राहिला.

“हे कुणी लिहिलंय?”

धाकटीने तोंड उघडलं होतं. नवरा तिच्या पुढे आला आणि म्हणाला, “मी.”

एवढ्या गाजलेल्या नाटककाराचा स्वतःचा असा तेवढाच संवाद. पुढची सगळी नाटकंही मग त्याच्याच नावावर गेली. मोठा भाऊ त्याच्याशी पुन्हा बोलला नाही. स्वतःच्या शेवटच्या आजारपणात त्याला खोलीतही येऊ दिलं नाही. नाटककार इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर दिवसचे दिवस बसून असायचा, येणारे-जाणारे त्याच्या सह्या घेऊन जायचे. आत मोठ्या भावाला चमच्याने पाणी लेखिका पाजत होती.