फुकटचा कार्बोरेटर

योग्य कार्बोरेटर उचलला, तर काळूरामची बंद पडलेली भाड्याची मोटार सोमवारी पुन्हा पनवेलच्या स्टँडवर उभी राहणार होती आणि त्याचं मिठागरात मजुरीला परत जाणं टळणार होतं. एवढा फायदा, आणि तोही फुकट. इसाजी मिस्त्री येत्या बुधवारच्या बोटीनं बायकोसह कायमचा इस्रायलला निघाला होता आणि गॅरेजातलं उरलंसुरलं ओळखीपाळखीच्यांना वाटून टाकत होता. गोणपाटावर लहानमोठे तीन कार्बोरेटर मांडून तो म्हणाला, "एक घे. कुठलाही. पण एकच."

काळूरामची पंचाईत इथंच झाली. विकत घ्यायचं असतं तर घासाघीस करून दुकानदार देईल तो घेऊन तो घरी गेला असता. फुकटात निवडायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मिस्त्री, यातला माझ्या मोटारीचा कोनचा?"

"तुझ्या जुन्याच्या झाकणावर पितळी पट्टी असेल. तिच्यावरचा नंबर ज्याच्यावर आहे, तो तुझा."

काळूरामनं पिशवीतून तडकलेला जुना कार्बोरेटर काढला. पट्टी लख्ख होती. इतकी, की इसाजीला तिच्यात स्वतःची दाढी दिसली. नंबर काही दिसला नाही.

"हे कुणी केलं?"

काळूरामनं बायकोकडं पाहिलं. गुणाबाई इसाजीच्या बायकोला, रेबेकाला, निरोपाचे नारळ द्यायला सकाळीच आली होती.

"दसऱ्याला मोटारीची पूजा नको?" ती म्हणाली. "जेवढं पितळ हाय, तेवढं चिंचेनं घासते. वरनं राख."

"किती दसरे?"

"आठ."

इसाजीनं डोक्याला हात लावला. तिन्ही कार्बोरेटर त्याच दोन बोल्टांवर बसत होते, म्हणजे बोल्टही काही सांगेनात. मग त्यानं जुन्याच्या गळ्यात, हवा-पेट्रोल जातं त्या भोकात, अंगठा घालून पाहिला; तो घट्ट बसला. धाकट्याच्या गळ्यात तो तसाच घट्ट बसला, मधल्यात जरा हलला. थोरल्यात अंगठ्याशेजारी आणखी एक बोट मावलं.

"मला वाटतं, धाकटा."

"वाटतं?"

"अंगठाच तो. शपथेवर कसं सांगू?"

धाकटा मुठीत मावेल एवढा. थोरला उचलायला दोन्ही हात लागत. देणारा आपणहून लहान वस्तू पुढं सरकवतो तेव्हा मोठी कुणासाठी तरी राखलेली असते, एवढं जग काळूरामनं पाहिलं होतं.

"यो मोठा स्टँडवरच्या शिवाला ठेवलाव का?"

"शिवाला कशाला? त्याच्याकडे टांगा आहे."

"आज टांगा हाय. उद्या मोटार घेईल." काळूरामनं थोरला उचलून पुन्हा ठेवला. "बरं, मोठ्यातनं जास्ती पेट्रोल जाईल, तर मोटार जास्ती पळंल ना?"

"जास्त पेट्रोल जाईल, एवढंच खरं. इंजिन चमचाभर मागतंय. तू वाटी ओतलीस तर त्याचा जीव गुदमरेल."

चमचा, वाटी, अंगठा. काळूरामच्या डोक्यात सगळं एकात एक गेलं.

तेवढ्यात गुणाबाई खाली बसली आणि धुळीत बोट फिरवू लागली. "मला वाचता नाय येत, भाऊ. पन आठ वरसं घासलंय. अशी उभी काठी. मग मडक्यावर मडकं. मग कोयती."

इसाजीनं धाकट्याची पट्टी उजेडाकडं धरली. इंग्रजी आकड्यांत एक, आठ, सात. काठी, मडक्यावर मडकं, कोयती.

"सुटला गुंता, वहिनी."

सुटला तो त्या दोघांचा. काळूराम आणखी गुंतला. मघापर्यंत मिस्त्रीला नुसतं वाटत होतं. बायकोनं मातीत चार रेघा ओढल्या आणि त्याची खात्री पटली? ती सकाळपासून याच घरात होती. रेबेकाची तांब्याची भांडी तिला मिळणार होती, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणजे भांड्यांच्या बदल्यात धाकटा त्याच्या गळ्यात मारायचा, हे यांचं आधीच ठरलेलं.

आतून रेबेकानं हाक मारली. शुक्रवारचा सूर्य टेकला होता. इसाजीनं साबणानं हात धुतले.

"शब्बाथ लागतोय. आता उद्या संध्याकाळपर्यंत मी कशाला हात लावणार नाही. वहिनी सांगतात तो घे, काळूराम."

बाजारात मासळी पारखावी तसे काळूरामनं तिन्ही पुन्हा एकेक करून हातात तोलून पाहिले. थोरला सगळ्यांत जड भरला. तो पिशवीत गेला. गुणाबाई नारळाची रिकामी पाटी उचलून मागून निघाली.

रविवारी इसाजीनं निरोप धाडला, अजून बदलून ने. काळूरामला त्यात नवा डाव दिसला.

सोमवारी मोटार चालू झाली. काळा धूर सोडत पळस्प्यापर्यंत गेली आणि येताना चार माणसांनी ढकलत आणली. बुधवारी इसाजी बोटीवर चढला. धाकटा भंगारवाल्यानं नेला. काळूराम रोज बॉनेटमध्ये डोकं घालून कुठलासा स्क्रू पिळी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आता लागतंय माप."

पंधरा दिवसांनी गुणाबाई टोपली घेऊन मिठागरात उतरली. बांधावरून मीठ वाहणाऱ्या रंभानं हटकलं, "मोटारवाली तू. तू इकडं कशी?"

"मोटार लय पिते, बाय," गुणाबाई टोपलीत मीठ ओढत म्हणाली. "तिला पाजायला कोनीतरी कमवाया नको?"