करामाची साक्ष

"दिसली का?" काझींनी तिसऱ्यांदा विचारलं.

करामा बामुतरिफ मावळतीकडे डोळे लावून होता. सूर्य डोंगराआड जाऊन वीस मिनिटं झाली होती. मशिदीच्या गच्चीवर पन्नासेक माणसं खजूर तोंडात टाकून उभी होती, पण आभाळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे करामाच्या तोंडाकडे बघत होते. रमजानचा एकोणतिसावा रोजा नुकताच सुटला होता. चंद्राची कोर दिसली तर उद्या ईद, नाहीतर आणखी एक रोजा. येमेनमधल्या हद्रमौतच्या या खोऱ्यात चाळीस वर्षं हा निकाल करामाच्या डोळ्यांनी दिला होता. काझींना साक्षीदार दोन लागत, पण करामाला कोर दिसली की आणखी कुणाला तरी ती दिसायचीच.

यंदा तर लोक निर्धास्त होते. दोन महिन्यांपूर्वी करामा मुकल्ला शहरात जाऊन दोन्ही डोळ्यांतली भिंगं बदलून आला होता. जुनी गढूळ काढली, नवी घातली. जिद्दाहून आलेल्या फरजचा, त्याच्या मुलाचा, आग्रह होता की बसवायचंच तर लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसणारं भिंग बसवावं, म्हणजे कुराण वाचायलाही चष्मा नको. करामाने डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं, त्यात काही खोट आहे का? बाई सरळ होत्या. म्हणाल्या, रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात कुणाकुणाला.

"मग नको," करामा म्हणाला. "मला फक्त लांबचं द्या. स्वच्छ."

म्हातारा हट्टी आहे असं म्हणून फरजने नाद सोडला. हट्टामागचं कारण करामाने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. गेल्या वर्षी याच गच्चीवर त्याला काहीतरी पांढुरकं दिसलं होतं. उरलेलं त्याच्या चाळीस वर्षांच्या नावाने भरून काढलं, आणि तो "दिसली" म्हणून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी ईदची मेजवानी झाल्यावर संध्याकाळी त्याने नातीला सहज विचारलं, कोर केवढी आहे गं? ती म्हणाली, दोऱ्याएवढी. दुसऱ्या दिवसाची कोर दोऱ्याएवढी नसते, म्हणजे ही पहिलीच होती. आपल्या एका शब्दावर सगळ्या गावाने एक रोजा बुडवला, हे त्याला वर्षभर झोपू देत नव्हतं. पण नुसत्या संशयावर तोंड कसं उघडायचं? आधी आपले डोळे काय होते ते कळायला हवं होतं.

ते आता कळलं होतं. समोरच्या कड्यावरचं एकेक बोरीचं झाड सुटं दिसत होतं. वरचं आभाळ धुतल्यासारखं होतं. त्यात पांढुरकं काही नव्हतं, आणि कोरही नव्हती.

"नाही," करामा म्हणाला. "कोर नाही."

गच्चीवर कुजबुज सुरू झाली. भट्टीवाल्याने ईदच्या मिठाईची ताटं भरून ठेवली होती, तो कपाळाला हात लावून खालीच बसला. मधाचा व्यापारी अवध पुढे आला. गेल्या वर्षीचा दुसरा साक्षीदार तोच.

"काय हो चाचा, जुन्या डोळ्यांना दिसत होती आणि नव्यांना दिसत नाही? डॉक्टरीणबाईंनी चांगलं भिंग स्वतःला ठेवून घेतलं की काय?"

लोक हसले. फरजने घाईने बापाचा दंड धरला आणि कानाशी लागून म्हणाला, "बाबा, ऑपरेशन बिघडलं म्हणा आणि घरी चला. कोणी नावं ठेवणार नाही."

सुटका समोर होती. खोटंसुद्धा लहानसंच होतं. ते बोललं की चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहणार होतं. करामाने मुलाचा हात दंडावरून काढला आणि काझींकडे वळला.

"ऑपरेशन झकास झालंय. गेल्या वर्षी मला कोर दिसली नव्हती. दिसली असं मी सांगितलं. एक रोजा माझ्यामुळे गेला, तो सगळ्यांनी भरून काढा. आणि यापुढे मला साक्षीला बोलावू नका."

अवधने मान खाली घातली, ती वर केलीच नाही. काझी दाढीवरून हात फिरवत म्हणाले, उद्या रोजा आहे, आणि ईदनंतर प्रत्येकाने आणखी एक धरायचा. लोक जिना उतरून गेले. करामाला सलाम करायला कुणी थांबलं नाही. फरजसुद्धा पुढे निघून गेला.

करामा एकटाच घरी आला. गावासमोर बोलणं त्यामानाने सोपं होतं. चाळीस वर्षं त्याची बायको सलामा त्याच्या शब्दावर रोजा धरत आणि सोडत आली होती. ती चुलीपाशी शोरबा ढवळत होती. तो उंबऱ्यातच थांबला, आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. काहीच राखून ठेवलं नाही.

"तुलाही एक रोजा धरावा लागणार," शेवटी तो म्हणाला. "माझ्यामुळे."

सलामाने वाडगा भरून त्याच्यापुढे ठेवला.

"माझा झालाय," ती म्हणाली. "गेल्या ईदचे पाहुणे गेले ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी धरला होता."