घरची किटली

बाईंनी आयोडिनची बाटली उघडली.

“घरून आणलेला पदार्थ परीक्षानळीत घ्या. त्यात स्टार्च असेल तर तो निळाकाळा होईल,” त्या म्हणाल्या. बटाटा निळा झाला, भात निळा झाला. माझ्या नळीत दूध होतं.

आम्ही दूधवाले. आईने सकाळी हौसेने बाटली भरून दिली, मला नको म्हणायला कारण सापडलं नाही. रविवारी गोठ्यामागे माझ्या वडिलांना, अण्णांना, मोठ्या कॅनमध्ये पांढरं पीठ ढवळताना मी पाहिलं होतं. “तोंड उघडायचं नाही,” एवढंच ते बोलले होते.

“दुधात स्टार्च नसतो. टाक थेंब,” बाई म्हणाल्या. मी थेंब टाकेना, शेवटी त्यांनीच माझं मनगट धरलं. थेंब पडला. दूध पिवळसर झालं आणि तसंच राहिलं.

मला रडूच येणार होतं. उगाच घाबरले मी, अण्णा तसले नाहीत. मग आठवलं, आमच्या घरचं दूध धार काढल्याकाढल्या वेगळ्या किटलीत जातं. आईने बाटली त्यातूनच भरली होती.

“बाई, माझं दूध निळं झालं!” मागच्या बाकावरून मैथिली ओरडली. अख्खा वर्ग तिच्याभोवती जमला. मी जागेवरून हलले नाही.

बाईंनी तिची नळी उजेडात धरली. “कुणाकडून घेता गं दूध?”

मैथिलीने हसतच माझ्याकडे बोट दाखवलं. “हिच्या अण्णांकडून. आमचं बाळसुद्धा तेच पितं.”