व्हर्नाचा हेडसेट

फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, मॅचला अंध प्रेक्षक कानाला हेडसेट लावतात आणि मी वरच्या खोलीतून त्यांना खेळ सांगते. दिसतं तेवढंच सांगायचं, अंपायरवर तोंडसुख घ्यायचं नाही, हा आमचा नियम.

व्हर्नाला हेडसेट कधीच नको असायचा. "माझा नवरा सांगतो की! तू फार गुळमुळीत बोलतेस, पोरी. आमचा क्लेम कसा, अंपायरचा उद्धार करत सांगतो."

या मोसमात मात्र तिनं स्वतःहून हेडसेट मागून घेतला. क्लेम शेजारीच होता, पण हातातला खिम्याचा पॅटिस गार होऊन गेला तरी नुसता मैदानाकडे बघत बसलेला. आपली टीम कुठली, हेही त्याला आता आठवत नाही.

मध्यंतरात मी खाली गेले, तर हेडसेट क्लेमच्या कानावर.

"अगं, त्याला तर दिसतं!" मी म्हणाले.

"असू दे. तू बोललीस की तो तेच मोठ्यानं म्हणतो. मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय."


वर जाऊन मी माइक सुरू केला आणि अंपायरला पहिली शिवी हासडली.