डावा, उजवा

विमानातले दिवे गेले तेव्हा कुमुदिनीबाई खापर्डे खिडकीतून ढग बघत होत्या. तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला, "इंजिनं ठीक आहेत, पण दोन्ही जनरेटर बंद पडलेत. बॅटरी दहा मिनिटं पुरेल आणि नागपूर वीस मिनिटांवर आहे. नियमाप्रमाणे सर्वांनी पॅडल मारा!"

प्रत्येक सीटखाली वीज तयार करणारं पॅडल हवंच, हा सरकारी नियम निघाला तेव्हा सगळ्यांनी त्याची टिंगल केली होती. आता दीडशे माणसं जीव मुठीत धरून पॅडल मारू लागली. पण ज्याची त्याची गती वेगळी. दिवे लागत आणि विझत होते.

"एका लयीत मारा हो!" हवाई सुंदरी काकुळतीला आली.

कुमुदिनीबाईंनी वर्ध्याच्या शाळेत तीस वर्षं कवायत शिकवली होती. पॅडल मारता मारताच त्यांनी आवाज लावला, "डावा, उजवा! डावा, उजवा! तिसरी रांग, झोपलात का?"

तिसऱ्या रांगेतले जाडजूड वकीलसाहेब दचकून सरळ बसले. कोणीतरी हसलं. हळूहळू सगळं विमान एका सुरात ओरडू लागलं आणि दिवे लख्ख लागले. विमानाच्या पोटाखाली चाकं उघडल्याचा धडधडाट झाला, तेव्हा बाईंना अंगात विशीतलं बळ आल्यासारखं वाटलं.

विमान धावपट्टीवर येऊन थांबलं, तरी गजर चालूच. शेवटी कॅप्टन दार उघडून बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, आता यांना 'थांब' म्हणा! आपण केव्हाच उतरलोय."